मंगळवारचा पैरा

१

जमीन निवडायला दीपंकर मास्तरांनी दीड वर्ष लावलं. तेवढ्यात लोक जमीन घेतात, विकतात आणि भांडून कोर्टातही जाऊन येतात. पण मास्तर पडले विज्ञानाचे. बेळगावच्या एका हायस्कुलात सव्वीस वर्षं शिकवलेलं, त्यामुळे वहीत रकाने पाडल्याशिवाय त्यांना काही सुचायचं नाही. माती, पाणी, रस्ता, दवाखाना, शेजार असे पाच रकाने, प्रत्येकाला दहा गुण. दर रविवारी स्कूटर काढायची, मागं आईला बसवायचं आणि एक गाव बघून यायचं. त्यांची बायको समता दवाखान्यात नर्स. ती म्हणायची, तुम्ही जमीन बघताय का पेपर तपासताय?

खरं म्हणजे जमीन पाहिजे होती ती आईला. बायडाबाई चौऱ्याहत्तरच्या. निपाणीच्या बाजूला लोकांच्या तंबाखूत चाळीस वर्षं रोजगाराला गेलेल्या. लावण, भांगलण, शेंडे खुडणं, वखारीतली चाळण, कशाला म्हणून नाही म्हटलं नाही. नवरा देवाप्पा त्याच कामात खोकून खोकून गेला. मास्तरांना नोकरी लागली तेव्हा त्यांनी आईला विचारलं होतं, तुला काय आणू? ती म्हणाली होती, "जिमीन." त्यानंतर मुलीचं शिक्षण आलं, बेळगावातलं घर आलं, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही ही कायद्याची अडचण आली. कायदा बदलला आणि कुणालाही शेतजमीन घेता येऊ लागली, तोवर बायडाबाईंचे गुडघे बोलायला लागले होते. आता हिचा जीव आहे तोवर हिच्या नावावर माती करायचीच, एवढं एकच मास्तरांच्या डोक्यात होतं.

बायडाबाईंची परीक्षा वेगळी होती. पिशवीत त्यांचं जुनं खुरपं असायचं. मास्तर पाण्याची चौकशी करत असले की ह्या बांधावर बसायच्या आणि वीतभर जागा भांगलून, म्हणजे तण खुरपून, बघायच्या. सदलग्याची काळीभोर जमीन, नदीचं पाणी, डोक्यावर गेलेला ऊस, वहीत अडतीस गुण. बायडाबाई खुरप्याला चिकटलेला गोळा बोटानं काढत म्हणाल्या, ही माती हात सोडत न्हाय, नको. मच्छे गावाकडं एक तुकडा होता, तर तिथं कारखान्याचा भोंगा आणि चारी बाजूंनी प्लॉटचे दगड. तिथं त्यांनी खुरपं पिशवीतून काढलंसुद्धा नाही.

मग बेळगुंदीच्या पुढं डोंगराला लागून एक वाडी आहे, तिथली सव्वा एकर दाखवायला मिळाली. वाडीचं नाव सांगत नाही, उगाच तिथले भाव पडायचे. तांबडी, भुसभुशीत जमीन, रताळ्याची. बायडाबाई खाली बसल्या आणि उठेचनात. मास्तरांनी विहीर बघितली, उतारा बघितला, परत आले तरी ह्या आपल्या भांगलतायत. चांगल्या दहा हात पुढं सरकल्या होत्या.

"हितंच," त्या म्हणाल्या. "हितं हाताला काम सापडतंय."

२

मालक मष्णू हा वाडीतला खातापिता शेतकरी, बोलायला कमी. पोरगा सौरव पुण्याला नोकरीत, त्याला तिकडं घर घ्यायचं होतं म्हणून लांबचा हा तुकडा काढला होता. शेतातच दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. पुढचं दार रस्त्याकडं, मागचं दार थेट सऱ्यांवर उघडणारं. पूर्वेला शेवटचा बांध, बांधापलीकडं ओढा, त्यापलीकडं जंगलखात्याचा चर आणि डोंगर. तिकडं कुणाचं शेत नाही, घर नाही. मास्तरांनी वहीत चार रकाने भरले आणि शेजाराचा तसाच ठेवला, कारण तीन बाजूंना मष्णूच होता आणि चौथ्या बाजूला कुणीच नव्हतं.

इसार दिला. सर्व्हेचं स्केच यायला नोव्हेंबर उजाडणार होता, मग खरेदी. पण मष्णू म्हणाला, मास्तर, तोवर घरात राहा, पेरा करा, माझी ना न्हाय. बुद्धपौर्णिमेला बिऱ्हाड आलं. चुलीच्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि देवाप्पांचा फोटो लागला. जयाबाई, म्हणजे मष्णूची बायको, ताकाचा तांब्या घेऊन आली आणि बायडाबाईंना पहिल्याच दिवशी आक्का म्हणाली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

जाता जाता मष्णू दारात थांबला. आषाढ लागला की पाच मंगळवार आम्ही वार पाळतो, म्हणाला. सूर्य उगवल्यापासनं मावळेपर्यंत शिवारात कुणी पाय ठेवत न्हाय. वैरण आदल्या दिवशीच काढून ठेवायची. तेवढं सांभाळा.

मास्तरांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. लहानपणी कुठल्या विहिरीवर कधी जायचं, कुठल्या वाटेनं जायचं नाही, हे त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं. माझ्या आईला तिच्या शेतात कधी जायचं हे आता कोणी सांगायचं नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी वहीत मुद्दाम डोकं घातलं. पण मष्णूला कळलं. तो खाली बघत म्हणाला, "मास्तर, हे तुमच्यासाठी केलेलं न्हाय. माझ्या बापानं बी पाळलंय."

बरं, बरं, म्हणून मास्तरांनी विषय संपवला. चूक झाली ती तिथंच. पण त्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं.

३

रताळी लावली. पाऊस वेळेवर आला आणि मधून उघडीपही देत गेला. सकाळी मास्तर स्कूटरवरून शाळेला जायचे, समता ड्युटीला. बायडाबाई मागच्या दारानं शेतात उतरायच्या. एका सरीची पात, म्हणजे भांगलणीची ओळ, धरायची, बसल्या बसल्या पुढं सरकायचं, दुपारपर्यंत शेवट गाठायचा. खुरप्याचा चर्र चर्र आवाज घरात ऐकू यायचा. म्हातारीच्या अंगावर मांस भरलं. बेळगावात भिंतीकडं तोंड करून पडणारी बाई इथं संध्याकाळी नातीला, करिष्माला, बेंगळूरला फोन लावून रताळ्याच्या वेलावर व्याख्यान द्यायला लागली. मास्तर मनापासून सुखी होते. असं सुख सांगता येत नाही, पण माणूस जेवायला बसला की दिसतं.

आषाढातला पहिला मंगळवार आला. वाडीतली दारं बंद. रस्त्यावर कोंबडंसुद्धा नाही. मास्तर मुद्दाम हॉर्न वाजवत गावातून गेले. आईला त्यांनी सांगून ठेवलं होतं, तुला जायचं तर जा, कुणाचा मुलाहिजा नाही.

संध्याकाळी परत आले तर शेताकडं बघतच राहिले. कालपर्यंत तणात बुडालेल्या सात सऱ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख. बायडाबाई उंबऱ्यावर बसून चहा पीत होत्या, तोंडावर तेज.

"आज सहा जणी आलत्या कामाला," त्या म्हणाल्या. "पैऱ्यानं."

पैरा म्हणजे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. आज तू माझ्या शेतात राबायचं, उद्या मी तुझ्या. पैसा नाही, हिशेब नाही, कामाला काम. पण पैऱ्याला एक अट असते: दोघांकडं जमीन पाहिजे. ज्याच्याकडं जमीन नाही त्याच्याशी पैरा कोण करणार? तो रोजगारी. बायडाबाईंनी चाळीस वर्षं बायकांना पैऱ्यानं एकमेकींच्या शेतात जाताना बघितलं होतं आणि स्वतः रोजगाराच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या दारात पैऱ्यानं आलं होतं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. वार पाळणारं गाव चोरून का होईना, पण आईसाठी आलं, असं त्यांना वाटलं.

४

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना ते आभार मानायला मष्णूच्या घरी थांबले. जयाबाई तांदूळ निवडत होती. मास्तरांनी सांगितलं तसा तिचा हात सुपातच राहिला. काल गावातलं कुणी बाहेर पडलेलं नव्हतं, ती म्हणाली. मग तिनं विचारलं, किती जणी होत्या?

मास्तरांनी सांगितलं, सहा.

जयाबाईनं सूप खाली ठेवलं. "आमी घरात बसतो, ते देवाच्या भीतीनं न्हाय सर," ती म्हणाली. "घरात बसलं की कुणाचं काम अंगावर येत न्हाय." मग ती उठून आत गेली.

मास्तरांनी मग विज्ञान लावलं. ओली तांबडी माती, पाऊल उठल्याशिवाय राहायचं नाही. सातही सऱ्या वाकून तपासल्या. पावलं होती ती एका सरीत, आईची. उरलेल्या सहा सऱ्यांत उमटलेलं काही नव्हतं. पण सातही पातींच्या टोकाला तणाचे सात ढीग होते. तण पुन्हा जीव धरू नये म्हणून हाडाचा रोजगारी मुळं वर करून ठेवतो, तसेच ते ठेवलेले. आईनंच सगळं केलं असेल, आनंदाच्या भरात माणूस करतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सात पाती, एक दिवस, गुडघे असले. हे उत्तर त्यांनी विद्यार्थ्याचं असतं तर कापलं असतं.

समतानं सासूला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पंतप्रधान कोण, आज वार कोणता, शंभरातून सात किती वेळा, सगळं विचारलं. बायडाबाईंनी धडाधड उत्तरं दिली आणि वर वखारीतल्या अठरा बायकांची नावं सांगितली. स्मरण ठणठणीत. घरी आल्यावर समतानं हळूच विचारलं, आत्या, त्या बायका दिसायला कशा होत्या?

"पातीवर मान वर करून बघत्यात व्हय गं?" बायडाबाई म्हणाल्या. "मान वर केली की पात मागं पडती. हात दिसत्यात शेजारनीचं. कामाचं हात हुतं."

दुसऱ्या मंगळवारी समतानं रजा काढून त्यांना घरात बसवलं. बायडाबाई दिवसभर मागच्या दाराशी तोंड फुगवून बसल्या. रानात कुठं आवाज नव्हता. संध्याकाळी त्या एवढंच म्हणाल्या, "बांधापतोर आल्या आणि माघारी गेल्या बिचाऱ्या. बांगड्या वाजल्या की." समतानं आपल्याला काहीच ऐकू आलं नाही असं मास्तरांना सांगितलं. पण सांगताना ती दुसरीकडं बघत होती.

५

तिसऱ्या मंगळवारी मास्तर घरी थांबले. आईला म्हणाले, तू जा, मला वह्या तपासायच्यात. मागचं दार त्यांनी अर्धं लोटून घेतलं आणि फटीशी खुर्ची टाकली. लख्ख ऊन पडलं होतं. भिंतीवरचं घड्याळ, चुलीवरचं झाकण, कौलावरची चिमणी, सगळं जागच्या जागी होतं.

बायडाबाईंनी मधली सरी धरली. चर्र, चर्र. मास्तरांनी एक वही तपासली, दुसरी उघडली. मग त्यांच्या लक्षात आलं की आवाज दाटलाय. एका खुरप्याला एक ताल असतो. हे तालात ताल मिसळलेले होते. एक आवाज जरा पुढं, एक जरा मागं, एक बोथट. वाऱ्यानं आवाज घुमतो, डोंगर जवळ आहे, असं ते मनाशी म्हणाले. वारा नव्हता.

त्यांनी फटीला डोळा लावला. शेतात आई एकटीच होती. तिच्या डाव्या-उजव्या सऱ्या रिकाम्या. पण त्या सऱ्यांतलं तण पडत होतं. आई वीतभर सरकली की दोन्हीकडं तीन-तीन सऱ्यांत तण वीतभर पुढं उपटून निघायचं, झटकलं जायचं, मुळं वर होऊन निपचित पडायचं. कुठं घाई नाही, कुणी कुणाच्या पुढं नाही. आईच्या चालीनंच सगळं चाललं होतं.

मग बायडाबाई थांबल्या. कमरेची चंची सोडून त्यांनी तंबाखूला चुना लावून मळला, अर्धा तोंडात टाकला. उरलेला तळहातावर घेऊन मान खालीच ठेवून हात उजवीकडं पसरला. हात तसाच राहिला, दोन-चार क्षण. परत आला तेव्हा तळवा रिकामा होता. बायडाबाईंनी पदराला हात पुसला आणि खुरपं उचललं.

मास्तर उठले, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभे राहिले. त्यांना भीती वाटायला पाहिजे होती आणि वाटतही होती. पण बाहेर आई गुणगुणत होती. ती गुणगुणते हे त्यांना बावन्नाव्या वर्षी कळत होतं.

६

त्या रात्री जेवताना त्यांनी वही काढली. सदलग्याची जमीन अजून गेली नाही, म्हणाले. इसार बुडाला तर बुडू दे, आपण इथं नको.

बायडाबाईंनी ताट सरकवलं. आयुष्यात मुलावर आवाज न चढवलेली बाई, तेव्हाही चढवला नाही. "चाळीस वरसं मी रांगेत उभी राहिले, दीपंकर. मुकादम बोट दाखवील ती पात. माझ्या दारात पैऱ्याला कधी कोण आलं न्हाय, कारण मला दारच न्हवतं. आता आल्यात. आन् तू मला उठ म्हणतोस?"

मास्तरांनी वही मिटली. समतानं सासूच्या ताटात भात वाढला.

चौथा मंगळवार तसाच पैऱ्यात गेला. पाचव्या मंगळवारी सूर्य उगवायच्या आत बायडाबाई तयार. लुगडं खोचलेलं, भाकरी फडक्यात बांधलेली, खुरपं मात्र घरातच. आज मी त्यांच्या रानात जाणार, म्हणाल्या, पैरा फेडायचाय. मास्तरांनी विचारलं, कुणाचं रान, कुठं? त्यांनी हनुवटीनं पूर्वेचा बांध दाखवला. मास्तर बांधापर्यंत सोबत गेले. पुढं ओढा होता, चर होता, डोंगर होता. आईनं त्यांना तिथंच थांबायला सांगितलं आणि ओढ्याच्या झाडीत उतरली. मास्तर मागोमाग धावले नाहीत असं नाही. ओढा घोट्याएवढा, पलीकडं चर, चरात काटेरी झुडपं. आई कुठंच नव्हती. हाका मारून त्यांचा घसा बसला. जंगलखात्याला कळवू या, असं समता दहा वेळा म्हणाली. काय म्हणून कळवायचं, हे दोघांनाही सुचेना. तो दिवस त्यांनी कसा काढला ते त्यांनाच माहीत.

दिवस मावळला तशा बायडाबाई बांधावरून चालत आल्या, दमलेल्या आणि समाधानी. समतानं धावत जाऊन हात धरले आणि सोडले. तिचे हात चिकट झाले होते. सासूचे दोन्ही पंजे मनगटापर्यंत काळे होते. मास्तरांना वास आला आणि ते सहा वर्षांचे झाले. ओल्या तंबाखूचा चीक. शेंडे खुडून आलेल्या आईच्या हातांना यायचा तोच. इथं आसपास कोसावर तंबाखूचं पान नाही, आणि या दिवसांत निपाणीच्या रानातही रोपं वीतभरच असतात.

मास्तरांनी गरम पाणी आणलं, माती लावली, चिंच लावली. काळेपणा जाईना.

"राहू दे," बायडाबाई म्हणाल्या. "फिटला औंदाचा. फुडल्या वर्साला माझं गुडघं चालत्यात का न्हाय कुणास ठावं. तसं मी त्यास्नी सांगून आलेय, मी नसले तर घरातलं कोण तरी येईल. पैरा घराचा असतोय, माणसाचा न्हवं."

७

नोव्हेंबरात खरेदी झाली. आईच्या नावावर. ऑफिसात यंत्रावर बायडाबाईंच्या अंगठ्याचा ठसा उमटेना. तिथला माणूस बोट पुसून पुसून दमला आणि कानडीत म्हणाला, "एनु हच्चीरी अज्जी?" काय लावलंय म्हणून. बायडाबाई हसल्या. चौथ्या खेपेला ठसा उमटला. मष्णू शेजारी उभा होता, त्यानं ते काळे पंजे बघितले आणि नजर मास्तरांकडं वळवली. पेढा मात्र त्यानं घेतला.

रताळी उदंड निघाली. हिवाळा सुखात गेला. उन्हाळ्यात बायडाबाईंचे गुडघे पार बसले, पण कुरकुर नाही. मागच्या दारात बाज टाकून दिवसभर आपल्या जमिनीकडं बघत पडायच्या. एवढी सुखी म्हातारी त्या पंचक्रोशीत दुसरी नसेल.

आषाढ लागला. पहिल्या मंगळवारी वाडीची दारं बंद झाली. मास्तर चहा पीत होते तेव्हा पूर्वेच्या बांधाकडून बांगड्यांचा आवाज आला. या वेळी समतानंही ऐकू आल्याची मान हलवली. बायडाबाईंनी उशाखालचं खुरपं काढलं आणि मुलापुढं धरलं.

"मान वर करू नगंस," एवढंच म्हणाल्या.

मास्तर शेतात उतरले. मधली सरी कुणीतरी मोकळी ठेवली होती. ते खाली बसले. डावीकडं चर्र झालं, उजवीकडं चर्र झालं. चार हात पुढं सरकले. खुरपं हाताला बसलं. माती हात सोडत होती. कुणी त्यांना मागं टाकलं नाही, कुणी पुढं गेलं नाही. त्यांनी फक्त आपल्या सरीतलं तण बघितलं. आणि एकदा, चुकून, शेजारचे हात. आई म्हणाली होती तसेच, कामाचे हात होते ते. मनगटापर्यंत काळे.

दुपारी शेवट आला तेव्हा ते घामानं भिजले होते. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आईनं बाजेवरून पात तिरकी झालीय म्हणून सांगितलं, समतानं भाकरी वाढली. जेवण झाल्यावर त्यांनी जुनी वही शोधून काढली. या जमिनीचं पान उघडलं. चार रकाने भरलेले, शेजाराचा मोकळा. तिथं त्यांनी लिहिलं, दहापैकी दहा.

मग पाचव्या मंगळवारची, फेडीची, रजा टाकायची राहिलीय हे आठवलं, म्हणून मोबाइल घ्यायला उठले.